अमिगाची आघाडी कोणी उधळली?

अमिगा संगणकाला २०२५ च्या जुलैमध्ये ४० वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी कमोडोर हे त्याच्या कंपनीचे नाव एका चाहत्याच्या पुढाकाराने पुन्हा एकदा विकत घेतले गेले. या दोन निमित्तांनी एक जुना वाद नव्याने रंगला आहे. अमिगा संपला कशामुळे? वादात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांवर फारसा विचार न करता बोलले जाते. पहिल्या तटाच्या मते कमोडोर चालवणाऱ्या आयर्विंग गोल्ड आणि मेहदी अली या दोन लोभी माणसांनी जगातला सर्वोत्तम संगणक बुडवला आणि त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्या तटाला हे सगळे भाबडे रडगाणे वाटते. आयबीएमच्या धाटणीच्या पीसीचा रेटाच असा होता की त्यापुढे कोणीही टिकले नसते, मग नेतृत्वाला दोष कशाला, असे हा तट विचारतो. मला वाटते की ‘अमिगा टिकला असता का’ या प्रश्नाभोवती फिरत राहिल्यामुळे हा वाद पुढे सरकत नाही. विचारायला हवे ते वेगळेच. स्पर्धकांच्या कित्येक वर्षे पुढे असलेले यंत्र हाती असताना नेतृत्वाने त्या वर्षांचे काय केले आणि हरणे अटळ दिसू लागल्यावर ते यंत्र जगवू पाहणाऱ्यांसाठी मागे काय ठेवले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कमोडोरच्या संचालकांना गोत्यात आणणारी आहेत आणि त्यासाठी कोणाला खलनायक ठरवण्याची गरज पडत नाही.

आघाडी होती म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगाचे अनावरण झाले. अँडी वॉरहॉलने डेबी हॅरीचे चित्र त्याच्यावर रंगवून दाखवले, ही गोष्ट सर्वांना पाठ असते. पण खरे नवल त्या तमाशात नव्हते, ते यंत्राच्या पोटात होते. अभियंता जे मायनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्र, ध्वनी आणि स्मृतीतील माहितीची ने-आण ही कामे मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून अ‍ॅग्नस, डेनिस आणि पॉला या तीन खास चिपांवर सोपवली होती. त्यामुळे ७ मेगाहर्ट्झच्या साध्या ६८००० प्रोसेसरचे हे यंत्र ४०९६ रंगांच्या पटातून चित्र उभे करी, चार वाहिन्यांचा स्टिरिओ आवाज देई, आणि कार्ल सासेनराथने लिहिलेल्या कार्यप्रणालीच्या गाभ्यामुळे एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालवी, तेही प्रत्येक कार्यक्रमाच्या सौजन्यावर विसंबून न राहता. त्या वर्षी मॅकिंटॉशचा पडदा कृष्णधवल होता आणि पीसीवर सोळा रंग दिसले तरी ती चैन मानली जाई. घराघरांतल्या पीसीवर अशा प्रकारचे बहुकार्य विंडोज ९५ बरोबर आले, म्हणजे दहा वर्षांनी, आणि मॅकवर तर त्यानंतरही बरीच वर्षे ते आले नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पीसी कोणा एका कंपनीचा नव्हता. शेकडो उत्पादक, चढाओढीने स्वस्त होत जाणारे सुटे भाग, कचेऱ्यांमधून येणारी अखंड मागणी आणि दर दीड-दोन वर्षांनी नवी पिढी आणणारे ग्राफिक्स कार्ड व साउंड कार्डांचे कारखाने या सगळ्यांचा एकत्रित वेग एकट्या कंपनीला गाठणे कठीणच होते. अटारी एसटी गेला, एकॉर्नचे संगणक गेले, पुढे ॲपलसुद्धा १९९६-९७ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले. शिवाय अमिगाची ताकद ज्या रचनेत होती तिथेच तिची मर्यादाही होती. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ती वेगवेगळ्या स्तरांत विखरून ठेवी. सपाट पार्श्वभूमीवर धावणाऱ्या खेळांना ते सोयीचे होते, पण डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’सारख्या खेळाला हवी असलेली, ठिपक्यामागून ठिपका भराभर रंगवण्याची पद्धत तिला जड जाई. बाजार बदलला आणि तो अमिगाच्या विरुद्ध दिशेने बदलला, हे मान्य करायलाच हवे.

परंतु बाजार असा बदलणार हे एका रात्रीत कळले का? २५६ रंगांचे व्हीजीए हे चित्रतंत्र १९८७ मध्येच पीसीवर आले होते आणि साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड १९८९ मध्ये आले. अमिगाला २५६ रंग दाखवणाऱ्या एजीए चिपा मिळाल्या त्या १९९२ च्या अखेरीस, आणि त्या वर्षीच्या नव्याकोऱ्या ए४००० व ए१२०० या अमिगांमध्येही आवाज काढणारी चिप १९८५ चीच, जशीच्या तशी पॉला होती. १९८५ ते १९९२ या काळात मूळ चिपांमध्ये झालेली सुधारणा इतकी किरकोळ होती की बहुतेक वापरणाऱ्यांना तिचा पत्ताही लागला नाही. स्पर्धकाचा वेग जास्त होता हे कारण खरे, पण ते धावणाऱ्याला लागू पडते. जो सात वर्षे जवळजवळ जागेवर उभा राहिला त्याने ‘समोरचा फारच वेगाने धावला’ म्हणणे कितपत पटावे? ॲपलनेही याच ६८००० कुळातल्या प्रोसेसरवर आपला डोलारा उभारला होता. तो प्रोसेसर थकत चालला हे ओळखून त्यांनी १९९४ मध्ये पॉवरपीसी या नव्या प्रोसेसरकडे उडी घेतली आणि जुने कार्यक्रम नव्या यंत्रावर चालतील अशी तजवीजही केली. ॲपलचे त्या काळचे नेतृत्व काही फार शहाणे नव्हते. त्यांनी चुका केल्या, पैसा वाया घालवला, एका नव्या कार्यप्रणालीचा प्रकल्प फुकट घालवला. तरीही पुढच्या पिढीवर खर्च करणे त्यांनी थांबवले नाही, आणि अखेर नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याइतका जीव त्या कंपनीत उरला होता. कमोडोरच्या बाबतीत एप्रिल १९९४ मध्ये दिवाळे निघाले तेव्हा पुढची पिढी म्हणून दाखवण्यासारखे काही बाजारात नव्हते, येऊ घातलेलेही नव्हते.

इथे दुसरी एक आडकाठी येते आणि ती प्रामाणिक आहे. कमोडोरचे अभियंते नवी पिढी बनवतच होते, असे म्हणतात, आणि ते खरे आहे. एएए नावाचा चिपसंच १९८८ पासून आखला जात होता. तो वेळेत झाला नाही कारण त्याचा आवाकाच अवाढव्य होता, आणि त्या विलंबाचा दोष सगळाच वरच्या मजल्यावर ढकलता येत नाही. अमिगाच्या भक्तांना त्यांचे अभियंते देवमाणसे वाटतात. या कथेत अभियंता नेहमी निष्पाप आणि व्यवस्थापक नेहमी मठ्ठ असतो. मला ही वाटणी फार सोयीची वाटते. तसे पाहिले तर १९८४ मध्ये कमोडोरने पैसा ओतला नसता तर अमिगा बहुधा अटारीच्या घशात गेला असता, कारण मायनरच्या छोट्या कंपनीने अटारीकडून पाच लाख डॉलरांची उचल घेऊन ठेवली होती. ज्या ए५०० मुळे अमिगा युरोपातल्या मुलांच्या खोल्यांत पोहोचला, तो स्वस्त आणि आटोपशीर संगणकही कमोडोरच्याच पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींनी बनवला होता. खुद्द गोल्डने १९६६ मध्ये आपले भांडवल घालून बुडती कमोडोर वाचवली होती. तो नसता तर ही कंपनीच उरली नसती.

हे सगळे पदरात टाकल्यावरही मुख्य आरोप शिल्लक राहतो, कारण तो एखाद्या निर्णयाच्या चुकीबद्दल नसून निर्णय घेण्याच्या रीतीबद्दल आहे. थॉमस रॅटिगनचे उदाहरण घ्या. १९८६ मध्ये कंपनी प्रचंड तोट्यात असताना त्याने सूत्रे हाती घेतली, खर्च आवरला, आणि अमिगाचे एक स्वस्त आणि एक वाढवता येण्याजोगे अशी दोन रूपे करण्याची दिशा पक्की केली. तीच १९८७ ची ए५०० आणि ए२००० होत. कंपनी पुन्हा नफ्यात आली आणि एप्रिल १९८७ मध्ये गोल्डने त्याला काढून टाकले. रॅटिगनने दावा लावला आणि तो जिंकला. एखाद्या प्रमुखाला तो हरत असताना काढणे समजू शकते. पण ज्याची योजना फळाला येत आहे त्यालाच घालवायचे, याचा अर्थ कंपनीत योजनेपेक्षा एका माणसाची मर्जी मोठी होती. जॅक ट्रॅमेल या संस्थापकाचे आणि गोल्डचे १९८४ च्या जानेवारीत असेच फाटले होते आणि सहा महिन्यांत ट्रॅमेल अटारी विकत घेऊन समोर उभा ठाकला होता. इतक्या महाग धड्यानंतरही रीत बदलली नाही. नंतरच्या वर्षांत प्रमुख बदलत गेले, प्रत्येकाने आधीच्याचे अर्धवट काम मोडीत काढले आणि अभियंत्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सात-आठ वर्षे लागणारे काम जिथे धनी दर दोन वर्षांनी बदलतो तिथे पूर्ण होईल कसे?

या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण ए३०००+ या अमिगाचे आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. १९९१ मध्ये डेव्ह हेनी या अभियंत्याच्या हाताखाली एजीए चिपा असलेल्या यंत्राचा नमुना चालू स्थितीत होता, आणि त्यात ध्वनी व संदेशवहनासाठी एटी अँड टीचा वेगळा प्रक्रियकही बसवला होता. म्हणजे पॉलाच्या म्हातारपणावरचा उपायही त्यात होता. त्याच सुमारास अभियांत्रिकीचे प्रमुखपद बिल सिडनेस यांच्याकडे आले. आयबीएमच्या पीसी ज्युनिअर या फसलेल्या घरगुती संगणकाशी त्यांचे नाव जोडलेले होते. नमुना रद्द झाला. एजीए चिपा वर्षभराहून अधिक उशिराने, आणि त्या ध्वनिप्रक्रियकाशिवाय, बाजारात आल्या. दरम्यान १९९२ च्या मार्चमध्ये ग्राहकांना मिळाला तो ए६००. तोच १९८५ च्या वेगाचा प्रोसेसर, आकड्यांच्या वेगळ्या कळा काढून टाकलेला कीबोर्ड, आणि ए५०० च्या कुशीला जोडायची साधने ज्यांनी हौसेने विकत घेतली होती त्यांच्यासाठी ती जोडणीच नाहीशी. स्वस्त असावा म्हणून आखलेले हे यंत्र प्रत्यक्षात ज्याच्या जागी आले त्या ए५०० प्लसपेक्षा स्वस्त नव्हते. त्याच वर्षाच्या नाताळात लोकांना हवा होता ए१२००, त्याचा तुटवडा होता, आणि ए६०० चे ढीग पडून होते. ३० जून १९९३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा ३५ कोटी डॉलरांच्या वर गेला. या साखळीतली कोणती कडी पीसीच्या रेट्याने घडवली होती? ए६०० चा आराखडा इंटेलने काढला नव्हता की मायक्रोसॉफ्टने ए३०००+ रद्द करायला लावला नव्हता.

यावर एक कोरडे उत्तर ठरलेले असते. कंपनी भागधारकांची असते; वापरणाऱ्यांनी पैसे मोजून वस्तू घेतली, तिथे व्यवहार संपला; संचालक त्यांना कसलेही देणे लागत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. पण हाच युक्तिवाद कमोडोरच्या संचालकांवर लावून पाहा. भागधारकांना शेवटी काय मिळाले? शून्य. कंपनीची नोंदणी बहामाची, भागधारकांच्या सभाही तिकडे, म्हणजे सामान्य भागधारकाने उठून प्रश्न विचारावा अशी सोयच नाही. आणि कंपनी घसरत असताना गोल्ड आणि अली यांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरांहून अधिक होते. संशोधनाला कात्री लावून ताळेबंद सुधारता येतो आणि पहिली दोन-तीन वर्षे तो सुधारलेला दिसतोही, कारण आधीच्या माणसांनी केलेल्या कामाची विक्री चालूच असते. बियाण्याचे धान्य दळून खाल्ले तर त्या वर्षी घरात अधिकच भाकऱ्या होतात. तेव्हा भागधारकांच्या हितासाठी वापरणाऱ्यांना डावलले, हा बचाव इथे मुळातच लागू पडत नाही. इथे दोघेही बुडाले, आणि एकाच कारणाने बुडाले.

किंबहुना वापरणाऱ्यांना देणे लागत नाही हा विचार व्यापारी म्हणूनही कच्चा होता, आणि माझ्या मते कमोडोरच्या नेतृत्वाची खरी आंधळी बाजू हीच. त्यांच्या लेखी अमिगा म्हणजे खोक्यात भरून विकायचा माल होता, जसा कमोडोर ६४ होता, जसे त्याआधी कंपनीचे कॅल्क्युलेटर होते. संगणक तसा नसतो. त्याची अर्धी किंमत तो विकला गेल्यानंतर दुसरेच लोक तयार करतात. फ्रेड फिश नावाच्या प्रोग्रामरने १९८६ ते १९९४ या काळात मुक्तपणे वाटता येणाऱ्या अमिगा सॉफ्टवेअरच्या हजाराहून अधिक डिस्क संकलित केल्या. त्यासाठी त्याला कमोडोरचा पगार नव्हता. १९९२ मध्ये सुरू झालेले अमिनेट हे सॉफ्टवेअरचे भांडार विद्यार्थ्यांनी उभे केले. कान्सासच्या न्यूटेकने १९९० मध्ये व्हिडिओ टोस्टर हे अमिगात बसवायचे व्हिडिओनिर्मितीचे साधन आणले आणि लाखो डॉलरांच्या स्टुडिओची कामे काही हजारांत होऊ लागली. ‘बॅबिलॉन ५’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीच्या भागांतील अंतराळयाने अमिगांवर घडली. गमतीचा भाग असा की अमेरिकेतल्या अनेक व्यावसायिकांनी अमिगा घेतला तो टोस्टर चालवायला. एखाद्या कंपनीच्या यंत्राला दुसऱ्याने इतके मोठे गिऱ्हाईक मिळवून द्यावे आणि त्या कंपनीला त्याभोवती एक सुसंगत योजनाही आखता येऊ नये, याला दुर्दैव म्हणता येत नाही. त्याऐवजी १९९१ मध्ये कमोडोरने अमिगाच्याच अंतर्भागावर सीडीटीव्ही नावाचा काळा डबा काढला आणि तो अमिगा आहे हे शक्य तितके लपवून विकायला ठेवला. संगणक नको असणाऱ्यांना तो महाग वाटला आणि संगणक हवा असणाऱ्यांना कळलेच नाही की तो त्यांच्यासाठी आहे.

समुदायाच्याही चुका होत्या, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. अमिगावरच्या खेळांची चोरटी नक्कल इतकी सर्रास होती की काही प्रकाशकांना तो बाजार परवडेनासा झाला. फ्लॉपीवर भागवणाऱ्या, हार्ड डिस्क घ्यायला नाखूश असलेल्या ए५०० धारकांमुळे सॉफ्टवेअरची झेपही खुंटली. टीका करणाऱ्याला गद्दार ठरवण्याची खोडही या मंडळींना होती, अजून आहे. पण चोरटी नक्कल पीसीवरही अमाप होती, आणि हार्ड डिस्क मुळातच बसवलेले परवडणारे यंत्र बनवणे ग्राहकाच्या हातात नसते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ज्याची चर्चा दोन्ही तट जवळजवळ करतच नाहीत. हरल्यावर काय केले? एकॉर्नशी तुलना इथे उद्बोधक आहे. ब्रिटनची ही कंपनीही अमिगाच्याच काळात, त्याच पीसीपुढे हरली. पण तिच्या अभियंत्यांनी घडवलेला एआरएम प्रोसेसर नोव्हेंबर १९९० मध्ये ॲपल आणि व्हीएलएसआय यांच्या भागीदारीत एका स्वतंत्र कंपनीकडे सोपवला गेला. एकॉर्नचे संगणक नव्वदच्या दशकाअखेर संपले; एआरएम मात्र आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. नंतरच्या काळातले एचपीचे उदाहरण तर अधिक बोचरे आहे, कारण तिथले नेतृत्व मुळीच आदर्श नव्हते. २०११ मध्ये टचपॅड हा टॅब्लेट बाजारात आणून सात आठवड्यांत त्यांनी तो गुंडाळला. तरी त्यातली वेबओएस ही प्रणाली त्यांनी खुली केली, पुढे ती एलजीने घेतली आणि आज ती टीव्ही संचांमध्ये नांदते आहे. म्हणजे हरतानाही, अगदी वाईट रीतीने हरतानाही, हातातले काम दुसऱ्याच्या हाती सुपूर्द करता येते.

कमोडोरने यातले काही केले नाही. २९ एप्रिल १९९४ ला कंपनीने हात वर केले त्या घडीला यंत्रणेचे हक्क, आराखडे आणि कार्यप्रणाली या सगळ्यांची गणना गोदामातल्या मालासारखी झाली. अमिगा घडवणारा जे मायनर त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारला. अवसायनाचा घोळ वर्षभर चालला आणि त्या वर्षात अमिगा विकत घेऊ इच्छिणाऱ्याला नवा अमिगा मिळणे जवळपास अशक्य झाले. डोलत उभ्या असलेल्या बाजारपेठेला हा एकच धक्का पुरेसा होता. एप्रिल १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने सगळे विकत घेतले आणि १९९२ चाच ए१२०० पुन्हा विकायला काढला; १९९६ मध्ये एस्कॉमचेही दिवाळे निघाले. १९९७ मध्ये हक्क गेटवे या संगणक कंपनीकडे गेले, १९९९ च्या अखेरीस नाव आणि तंत्राचा काही भाग आणखी एका छोट्या कंपनीकडे गेला, पेटंटे गेटवेकडेच राहिली. मग नाव एकाचे, कार्यप्रणाली दुसऱ्याची, रॉम (यंत्रातल्या चिपेवर कायम कोरलेला प्रणालीचा भाग) तिसऱ्याचे अशी वाटणी आणि त्यावरून न्यायालयातले दावे सुरू झाले. २००९ च्या समझोत्यानंतरही ते थांबले नाहीत. हा गुंता वाढण्याआधीच, १९९५ मध्ये, काहींनी अमिगाची कार्यप्रणाली कोऱ्या पाटीवरून पुन्हा लिहायला घेतली, तीच एआरओएस. जे काम एकदा झाले होते आणि ज्याची मूळ प्रत कुठल्या तरी कपाटात पडून होती, ते काम हौशी लोकांनी आपल्या रात्री खर्चून दुसऱ्यांदा करावे लागणे, हा अपव्यय कोणत्याही बाजारशक्तीने लादलेला नव्हता.

इथे ‘दिवाळखोरीत घेणेकऱ्यांचा हक्क पहिला, हक्क फुकट वाटता येत नाहीत’ असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. म्हणूनच अशी तरतूद कंपनी धडधाकट असताना करायची असते: कार्यप्रणालीचा परवाना इतर उत्पादकांना देणे, विकासकांच्या करारात ‘कंपनी बंद पडल्यास मूळ संहिता (सोर्स कोड) त्रयस्थाकडून मिळेल’ असे कलम घालणे. संहिता त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवण्याची ही पद्धत सॉफ्टवेअरच्या व्यवहारात तेव्हाही माहीत होती. कमोडोरकडे अशी दूरदृष्टी मागणे जास्त होईल, हे कबूल. पण १९९४ नंतर हक्क बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे ती मागता आली असती आणि आजही येते. अमिगाओएस ३.१ ही १९९०च्या दशकातली प्रणाली आणि तिच्या रॉमची संहिता यांतून आता कोणाला मोठा नफा होण्याची शक्यता नाही. ती अधिकृतपणे खुली करायला नकार देणाऱ्या हक्कधारकाने आपला नकार कोणत्या भागधारकाच्या, कोणत्या ग्राहकाच्या हितासाठी आहे हे स्पष्ट सांगावे. आणि कमोडोरचे नाव पुन्हा हाती घेणाऱ्या चाहत्यांनीही नवी यंत्रे विकायला काढण्याबरोबरच आपल्या कंपनीचे दिवाळे निघाल्यास आराखडे कोणाकडे जातील, हे आजच लिहून जाहीर करावे.